पायांची आग आणि चेपलेली शीर



आम्ही वैद्य नव्हे, शिक्षक. दिवसभर उभ्याने शिकविण्याचा पेशा असल्यामुळे पायांची गाऱ्हाणी मात्र आमच्या कानी पुष्कळ येतात. टाच दुखली की ‘वात’ आणि तळवा जळजळला की ‘उष्णता’, असा निकाल घरोघर आधीच लागलेला असतो. याहून निराळ्या एका कारणाकडे आज आपले लक्ष वेधावयाचे आहे.

आपल्या बोलीत रक्तवाहिनीलाही शीर म्हणतात आणि ज्ञानतंतूलाही शीरच. आम्ही बोलत आहो ते ज्ञानतंतूविषयी. पायाचा आतल्या बाजूचा घोटा चाचपून पाहावा. त्याच्या मागे हाड आणि एक चिवट पट्टी यांच्यामधून अरुंद बोगदा जातो. स्नायूंच्या दोऱ्या, रक्तवाहिन्या आणि तळव्याला संवेदना देणारा तंतू, सारी मंडळी त्यातूनच खाली उतरतात. पाय मुरगळून सूज आली, पाऊल सपाट असले किंवा आत गाठ झाली की जागा अपुरी पडते व तंतू चेपतो. मग तळव्याची आग होते, मुंग्या येतात. उभे राहिल्याने त्रास वाढतो, कित्येकांची रात्रीची झोप जाते. केक आणि लॅम या दोघांनी १९६२ साली, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, या विकाराला ‘टार्सल टनेल’ हे नाव दिले. घोट्यामागे बोटाने हलकेच ठोकले असता तळव्यापर्यंत झिणझिणी जाते, ही त्याची एक खूण. योग्य पादत्राण, विश्रांती, क्वचित शस्त्रक्रिया, असे उपाय आहेत. नुसत्या तेलाने चोळून बोगदा रुंद होत नाही!

उकिडवे बसून तासन् तास भांगलण करणाऱ्यांचा दुसराच एक तंतू, गुडघ्याखाली बाहेरच्या अंगास, दबतो. त्यांचे पाऊल वर उचलेनासे होते.

दोन्ही पायांची सारखीच आग होत असेल तर आधी मधुमेह तपासावा. कुष्ठरोगाला तर हाच घोट्यामागचा तंतू फार प्रिय. त्याचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. पण लोक लाजेने दडवितात, आणि तेवढ्या अवधीत तळवा बधिर होतो. आमच्या मते दुखणाऱ्या पायापेक्षा न दुखणाऱ्या या पायाची काळजी अधिक. त्याला तापल्या विटेचा शेक कदापि देऊ नये. कातडी भाजते आणि फोड दिसेपर्यंत माणसाला पत्ता नसतो. उन्हाने तापलेल्या देवळाच्या किंवा मशिदीच्या फरशीवरही अशा माणसाने जाड मोजे घालूनच पाय ठेवावा, आणि घरी येताच तळवे उजेडात पाहून घ्यावेत.