साडेदहाचं कोडं

(चंदनसार, विरार पूर्व येथे महिला गटांच्या बैठकीत केलेलं भाषण)

मैत्रिणींनो, बचत गटाची वही तुम्हा सगळ्याजणींच्या ओळखीची आहे. पैसे आले की शिल्लक वर, गेले की खाली. समजा, प्रत्येक नोंद एकाच रुपयाची आहे, अशा हजारो नोंदी आहेत, आणि कुणी विचारलं : शेवटी शिल्लक किती? आणि कितव्या नोंदीला वही पहिल्यांदा तुटीत गेली? हिशेब ठेवणारी म्हणेल, बोट ठेवून मोजत जा, सापडेल. हेच संगणकाला त्याच्या भाषेत सांगायचं, याला प्रोग्रॅमिंग म्हणतात. 'अॅडव्हेंट ऑफ कोड' या स्पर्धेतलं २०१५ सालचं पहिलं कोडं असंच होतं. वहीच्या जागी इमारतीचे मजले होते आणि तुटीच्या जागी तळघर, एवढाच फरक.

एरिक वास्टल नावाचा अमेरिकन प्रोग्रॅमर दर डिसेंबरात ही कोडी इंटरनेटवर देतो. फी नाही, बक्षीस नाही. एका कोड्याचे दोन भाग, प्रत्येक भागाला एक तारा. पहिला सुटल्याशिवाय दुसरा दिसत नाही. उत्तर म्हणजे बहुतेक वेळा एक आकडा. तो कसा काढलात हे कुणी विचारत नाही. दहा वर्षं जुन्या संगणकावरही पंधरा सेकंदांत उत्तर निघावं, अशी ती कोडी बेतलेली असतात. म्हणजे कुणी देणगीत दिलेला जुना डबाही चालतो.

अडचण वेळेची आहे. नवं कोडं अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मध्यरात्री उघडतं, तेव्हा आपल्याकडे सकाळचे साडेदहा वाजलेले असतात. २०२४ पर्यंत जगभरातून सर्वांत आधी सोडवणाऱ्या पहिल्या शंभरांनाच जागतिक यादीत गुण मिळत. साडेदहाला ज्याच्या हातात आयता चहा येतो, तो लगेच बसू शकतो. आपली मुलगी तेव्हा टँकरच्या रांगेत, नाहीतर धाकट्याला शाळेत सोडून परतताना. याला हुशारीची परीक्षा म्हणायचं का? २०२५ मध्ये आयोजकानेच ती यादी बंद केली, कारण तिचा त्याला स्वतःला आणि बऱ्याच जणांना ताण होत होता. कोडीही पंचविसावरून बारावर आणली. आपापल्या गटाची खासगी यादी मात्र अजून करता येते, आणि ती ताऱ्यांच्या संख्येप्रमाणे लावता येते. आम्ही तशीच लावतो. रात्री भांडी आवरून सोडवलेल्या कोड्यालाही तेवढेच तारे.

कोडी इंग्रजीत असतात, आणि लांबलचक गोष्टीच्या रूपात. मराठी माध्यमातल्या मुली इथे बिचकतात. आमच्याकडे एक वाचते, दुसरी मराठीत सांगते, तिसरी कागदावर चौकटी आखते. खरं सांगायचं तर निम्मं कोडं त्या कागदावरच सुटतं. आता उत्तर यंत्रालाच विचारता येतं हे मुलींना ठाऊक आहे. पण भाकरी थापायला शिकायचं असेल तर विकतची आणून काय उपयोग?

'हे मुलांचं काम' असं घरात कुणी म्हणालं तर १९४५ ची गोष्ट सांगा. अमेरिकेत 'एनियाक' हा अवाढव्य संगणक बांधला गेला, तेव्हा त्याचं प्रोग्रॅमिंग सहा बायकांनी केलं. १९४६ मध्ये तो जगाला दाखवला, तेव्हा श्रेय त्यांना मिळालं नाही. (यात आपल्याला नवल वाटायचं कारण नाही.) आणि आज? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात इंटरनेट कधीतरी वापरलेले पुरुष ५७ टक्के निघाले, बायका ३३. घरात एकच फोन असला की तो कुणाच्या खिशात असतो, हे मी तुम्हाला सांगायला नको.

डिसेंबरची वाट पाहायची गरज नाही. जुन्या सगळ्या वर्षांची कोडी वर्षभर उघडी असतात. येत्या रविवारी दुपारी २०१५ च्या पहिल्या कोड्यापासून सुरुवात करू. संगणक आहे, खोली आहे. त्या दोन तासांत मुलीच्या वाट्याचं काम घरात कोण करणार, हे मात्र आज घरी जाऊन विचारा. भाऊ, वडील, जो कुणी तयार होईल त्याचं नाव पुढच्या बैठकीत मी वहीत लिहून घेईन.