पाणी सर्वांचे, गाळ कोणाचा?



साहित्याच्या व्यासपीठावर संगणकाचा विषय कशाला, असे आपल्याला वाटेल. पण घरची लग्नपत्रिका आणि मंडळाचा अंक आज संगणकावरच जुळतात. पडद्यावर ‘क्ष’ नीट उमटतो, त्यामागे अनेकदा ‘हार्फबझ’ नावाची आज्ञावली असते. ती मुक्त आहे. कोणीही घ्यावी, वाचावी, सुधारावी. मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मुक्ता’ हा देवनागरी फॉण्टही तसाच खुला.

बिदरकरांना हे समजायला नौबादची कारेझ पुरे. बहमनी काळात, पंधराव्या शतकात, खडक फोडून भुयारातून पाणी आणले. मध्ये उभ्या विहिरी ठेवल्या, त्या केवळ पाणी शेंदायला नव्हेत. आत उतरून गाळ काढता यावा म्हणूनही. काढणारे हात थांबले, की कारेझ बुजते.

मुक्त आज्ञावलींचेही तसेच. २०१४ साली ‘ओपनएसएसएल’मध्ये ‘हार्टब्लीड’ ही गंभीर चूक उघडकीस आली. जगभरचे व्यवहार ज्या कुलपावर विसंबून होते, त्याची देखभाल मोजकी माणसे करीत होती.

दुसरी अडचण भांडवलाची. साल्वातोरे सानफिलिप्पो या इटालियन प्रोग्रामरने २००९ मध्ये ‘रेडिस’ खुले केले. पुढे ते गुंतवणूकदारांच्या पैशावर वाढलेल्या कंपनीच्या हाती गेले. मोठ्या क्लाउड कंपन्या आपल्या कामावर कमावतात, पण पुरेसे परत देत नाहीत, ही तिची तक्रार. ती अगदीच खोटी नव्हती. पण मार्च २०२४ मध्ये तिने परवाना आवळला, तेव्हा बाहेरून हातभार लावणारे दुखावले. त्यांनी जुन्या प्रतीवरून लगेच ‘वाल्की’ उभे केले; त्यांत त्या मोठ्या कंपन्यांचे अभियंतेही होते. २०२५ मध्ये कंपनीने पुन्हा मुक्त परवाना दिला. परवाना एका दिवसात बदलता येतो. विश्वासाचे तसे नसते.

वेगळी वाटही आहे. आपल्याच राज्याच्या राजधानीतली ‘झेरोधा’ साहसी भांडवल न घेता वाढली. तिने २०२४ मध्ये मुक्त प्रकल्पांसाठी वर्षाला १० लाख डॉलरचा निधी जाहीर केला. मुंबईच्या ‘फ्रॅपे’ने ‘ईआरपीनेक्स्ट’ ही आज्ञावली जीपीएल परवान्याखाली ठेवली. बदल करून ती इतरांना देणाऱ्याने ते बदलही खुले ठेवावेत, ही त्यातली अट.

आपली मुले पुणे, हैदराबाद, बेंगळूरूला याच क्षेत्रात आहेत. दिवाळीला घरी आली की त्यांना पगार विचारतोच. एवढेही विचारा, की बाबा, तुमची कंपनी पाणी घेते, गाळ काढते का? आणि आपणही हात झटकू नयेत. जोडाक्षर चुकले तर फॉण्ट करणाऱ्यांना कळवावे. मंडळाचे जुने अंक, भालकी-औरादकडचे बोलीतले शब्द युनिकोडमध्ये आणून सर्वांना खुले करावेत.

१९५६ नंतर राजाश्रय नसताना आपण मराठी राखली, ती रोज बोलून, पदरमोड करून. सामाईक वस्तू अशीच टिकते, हे आपल्याला कोणी वेगळे शिकवायला नको.