तुरीच्या रानातली दोघं

लोहाऱ्याच्या काळ्या रानात दिवाळीच्या सुमारास तूर फुलोऱ्यात येते. तेव्हा एकाच उन्हात दोघं उडताना दिसतात, पानकापी माशी आणि सोनेरी चतुर.

पानकापीला ना पोळं, ना राणी. प्रत्येक मादी आपलं घर एकटीनं बांधते. गुलाबाच्या पानाची कड गोल कापलेली दिसली की आपण कीड लागली म्हणतो. पण ते पान तिनं खाण्यासाठी कापलेलं नसतं. पोकळ बोरूत किंवा भिंतीच्या भोकात ती त्या तुकड्यांची विड्यासारखी गुंडाळी करते, आत पराग आणि मधुरसाचा गोळा ठेवते, त्यावर एकच अंडं घालते आणि तोंड बंद करते. मग पुढची खोली. आतल्या खोल्यांत माद्या, दाराजवळ नर. पराग ती पोटाखालच्या केसांत आणते. तुरीच्या फुलावर बसून खालची पाकळी दाबली की आतला पराग नेमका तिथंच लागतो. तूर स्वतःच्या परागावरही धरते, पण झाडाझाडांतली देवाणघेवाण या माश्या करतात. हैदराबादजवळच्या पटानचेरूला इक्रिसॅट संस्थेनं संकरित तूर काढली. तिच्या बीजोत्पादनात पराग पोचवायला माश्याच लागतात.

चतुराचं सारं उलटं. पावसाच्या डबक्यात अंडी टाकायची आणि निघून जायचं. अशा डबक्यात मासे नसतात, म्हणून पिल्लं वाचतात. ती पाण्यातले बारके जीव खात झपाट्यानं वाढतात आणि दीडदोन महिन्यांत पंख फुटून निघतात. मालदीवमध्ये गोडं पाणी जमिनीवर जवळजवळ साचत नाही, तरी दर ऑक्टोबरात तिथं हे चतुर थव्यानं उतरतात. चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञानं 2009 मध्ये मांडलं, की ते भारतातून वाऱ्यावर निघून समुद्र ओलांडत पूर्व आफ्रिकेकडे जातात. आपल्या शिवारावरचा चतुर त्याच जातीचा!

मला मात्र काळजी पानकापीची जास्त वाटते. चतुर एका डबक्यात शेकडो अंडी टाकतो. ही मोजक्याच खोल्या भरते, आणि मध्येच मेली तर अर्धं घर पुरं करायला दुसरी कोणी नसते. तुरीवर फवारायचंच असेल, तर ऊन उतरल्यावर फवारा; भर उन्हात ती फुलावर असते. आणि उन्हाळ्यात बांध पेटवण्याआधी वाळलेल्या बोरूच्या कांड्या बाजूला काढा. त्यांत पिल्लं असू शकतात.