खाज गेली, गजकर्ण राहिलं

मी एकोडीहून बोलते. रोवणीत ओलं लुगडं दिवसभर अंगावर असतं आणि कमरेला, जांघेत गजकर्ण उठतं. सांगायची लाज, म्हणून आपण दुकानातून मलम आणतो. मीही आणलं, जावेलाही दिलं. दोन दिवसांत खाज गेली. लावणं थांबवलं, तर दोघींचंही दुप्पट झालं.

असं का? त्या ट्यूबमध्ये दोन औषधं असतात. क्लोट्रिमाझोल किंवा मायकोनाझोल बुरशीवर काम करतं. दुसरं स्टेरॉइड असतं, जसं क्लोबेटासोल, बीटामेथासोन. खाज आणि लाली म्हणजे आपलं शरीर बुरशीशी झुंजत असतं. स्टेरॉइड ती झुंजच दाबतं. राखणदार झोपला की धानात डुकरं शिरतात, तसंच. वरून बरं दिसतं, बुरशी पसरत राहते. फार दिवस लावलं तर कातडी पातळ होते, जांघेत कायमचे पट्टे पडतात. लेकरांना तर याचा त्रास जास्त.

२०१८ पासून अशी स्टेरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायचा नियम आहे. म्हणून चिठ्ठीशिवाय घेऊ नका, एकमेकींना देऊ नका. अंग कोरडं ठेवा, टॉवेल वेगळा ठेवा, घरात ज्याला ज्याला असेल त्या सगळ्यांनी सोबतच उपचार घ्या. खूप दिवसांपासून लावत असाल, तर ट्यूब घेऊनच डॉक्टरांकडे जा.

पुढच्या बैठकीला आपापली ट्यूब आणा. नावं मिळून वाचू. लाज सोडू, खाजही सुटेल.