पाकिटावरचं चित्र कुणाचं?

(नाशिक इथे तरुण कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला कविता वाचायला बोलावलंय, पण बोलणार आहे कॉफीच्या पाकिटावर. हसू नका. मी गोदीत हमाली करतो, मॅट्रिक शिकलोय, आणि माझं निम्मं वाचन गोण्यांवरच्या मार्क्याचं आहे. काळ्या रंगात देशाचं नाव, वजन, नंबर. पिकवणाऱ्याचं नाव त्यात नसतं. वाहणाऱ्याचं तर विचारूच नका.

1974 साली अमेरिकेत एर्ना नुट्सन या कॉफीच्या व्यापारातल्या बाईनं 'स्पेशालिटी कॉफी' हा शब्द आणला. चाखणारे 100 पैकी 80 किंवा जास्त गुण देतील ती कॉफी स्पेशालिटी. महाग. म्हणून तिच्यासोबत गोष्ट विकावी लागते : कुठला डोंगर, कुठला मळा. आता त्यात भर पडलीय ती चित्रकाराची. पाकिटावर त्याचं चित्र आणि पाठीमागे चार ओळी, की या कलावंतानं संकटांवर मात केली. म्हणजे आमची भूक, आमचं अपंगपण, आमचं पोरकेपण हाही मालाचा एक स्वाद झाला! माझा सवाल साधा आहे. या दुःखाचा दर कुणी ठरवला, आणि पैसे कुणी घेतले?

लांब जायला नको. आपल्याच जिल्ह्यात पेठ-सुरगाण्याकडे वारली राहतात. पलीकडे जव्हार, डहाणू, तलासरी. जिव्या सोमा म्हसे हा त्याच मातीतला, जन्म 1934 चा. लहानपणी आई गेली आणि पोराची वाचाच गेली. बोलायचं ते धुळीत रेघा ओढून. पुढे गेरूनं सारवलेल्या भिंतीवर तांदळाचं पीठ आणि बांबूची काडी. वारल्यांत चित्र काढायच्या ते सवाशिणी, लग्नात, पालघट देवीचा चौक. पुरुषानं रोज उठून चित्र काढायचं नाही. यानं काढलं. 1970 नंतर सरकारी हस्तकला मंडळानं धाडलेला चित्रकार भास्कर कुलकर्णी तिथं पोचला, कागद आणि रंग दिले. 1976 ला राष्ट्रीय पुरस्कार, 2011 ला पद्मश्री. 2018 ला म्हसे गेले.

ही गोष्ट पाकिटावर छापायला फार सोयीची आहे. दुःखी मूल, मग यश. पण तिच्यातलं एक पान कुणी छापत नाही. त्या मुलुखात 'लग्नगडी' होता. लग्नासाठी सावकार-जमीनदाराकडून कर्ज काढलं की नवरा-बायको दोघं जन्मभर त्याच्या वेठीला. ज्या लग्नाचा चौक भिंतीवर पांढराशुभ्र उमटायचा, तेच लग्न गळ्यात फास घालायचं. 1945 ला वारली उठले, गोदावरी परुळेकर त्यांच्यात होत्या, तलवाड्याला गोळीबारात पाच माणसं मेली. म्हसे तेव्हा अकराएक वर्षांचे. या संकटावर एकट्या कलावंतानं मात केली नाही, सगळ्या जमातीनं केली. पाकिटाला हे परवडत नाही. त्याला एकटा माणूस हवा असतो.

2010 च्या दिवाळीत कोका-कोलानं जाहिरातीला वारली चित्रं घेतली. आज पिशवीवर, कपावर, बिस्किटाच्या डब्यावर त्याच त्रिकोणांची माणसं नाचतात. काढली कुणी? बहुतेक वेळा कॉम्प्युटरवर बसलेल्या कुणीतरी. 2014 ला वारली चित्रकलेला जी.आय. मानांकन मिळालं, चांगलं झालं. पण मानांकन जमातीचं; त्यानं एकेका चित्रकाराच्या घरात चूल पेटत नाही.

मी पाकिटाच्या विरोधात नाही, हेही ऐका. पोटासाठी चित्र काढणं हलकं नाही. गॅलरीत आपल्याला कोण उभं करतं? पाकीट निदान लोकांच्या स्वयंपाकघरात जातं. आपल्यातली पोरं-पोरी चित्रं काढतात, त्यांना कंपनीचं बोलावणं आलं तर जरूर जावं. फक्त हात जोडून नाही.

कायदा आपल्या बाजूनं थोडा आहे. 1957 चा कॉपीराइट कायदा. तारपा नाच कुणा एकाचा नाही, पण तू काढलेलं चित्र तुझं. हक्क द्यायचा तर लेखी, सहीनिशी, आणि त्यात रॉयल्टी किती ते लिहिलेलं पाहिजे. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं, मुलूख लिहिला नसेल तर भारतापुरता. पगारावर नोकरीत काढलंत तर मात्र वेगळा करार नसल्यास मालकी मालकाची, तिथं जपा. आणि कलम 57 : हक्क विकला तरी चित्राखाली आपलं नाव मागायचा आणि चित्राची मोडतोड रोखायचा अधिकार राहतो. अमरनाथ सेहगल या शिल्पकाराचं विज्ञान भवनातलं शिल्प सरकारनं उखडून टाकलं. तो कोर्टात गेला, 2005 ला दिल्ली हायकोर्टानं शिल्पाचे अवशेष आणि पाच लाख रुपये भरपाई द्यायला लावली. सरकारला द्यायला लावली, दोस्तांनो!

तेव्हा विचारायचं ते हे : नाव पुढं छापणार की मागं? किती पाकिटं छापणार? दर पाकिटामागं किती? आणि माझ्या आयुष्याच्या त्या चार ओळी कोण लिहिणार, तुम्ही की मी?

कुणाकडं असले कागद आले असतील तर सही करण्याआधी घेऊन या. भाषण संपल्यावर मी इथंच बसलोय, रात्रीच्या गाडीपर्यंत.