अर्जातील वाक्यांचा सांधा

मंडळी, खरिपाची पेरणी आटोपली की तालुक्याच्या कृषी कार्यालयात अर्जांचा ढीग पडू लागतो. २०२० सालच्या खरिपात तर सोयाबीन उगवले नाही अशा तक्रारी महाराष्ट्रात ठिकठिकाणी झाल्या. अशा अर्जाचा एक नमुना मी आपल्यापुढे ठेवतो. तो मीच रचलेला आहे, पण तुम्हांला ओळखीचा वाटेल.

‘मी बियाणे घेतले. पाऊस झाला. पेरणी केली. नंतर आठ दिवस पाऊस झाला नाही. बियाणे उगवले नाही. तरी नुकसानभरपाई मिळावी.’

सहा वाक्ये आहेत. एकही खोटे नाही, आणि शुद्धलेखनाची चूकही नाही. पण आता हा अर्ज साहेबांच्या डोळ्यांनी वाचा. पाऊस झाला नाही आणि लगेच पुढे, बियाणे उगवले नाही. साहेब मनात म्हणणार, ओल कमी पडली, यात बियाण्याच्या कंपनीचा काय दोष? आणि अर्ज बाजूला पडणार. लिहिणाऱ्याला मात्र नेमके उलटे सांगायचे होते. ओल पुरेशी होती, दोष बियाण्यात होता, असे त्याचे म्हणणे. हे त्याच्या मनात होते, कागदावर उतरलेच नाही.

तुम्ही म्हणाल, आम्ही पारावर असेच बोलतो की, तिथे बरे सगळ्यांना समजते! समजते खरे. पण तिथे ऐकणारा ‘मग?’, ‘बरं, का?’ असे विचारत असतो. आपला आवाज, हातवारे, कपाळावरची आठी हे सगळे वाक्याला वाक्य जोडत असते. कागदाला यांतले काहीच नाही. तिथे ‘म्हणून’, ‘मात्र’, ‘तरीही’, ‘त्यामुळे’ या शब्दांनीच ते काम करायचे. आपण सांधा जोडला नाही, तर वाचणारा आपल्या समजुतीप्रमाणे जोडतो. आणि नुकसान होते ते आपले.

आता तोच अर्ज पुन्हा लिहू.

‘आमच्या मंडळात १५ जूनपर्यंत १०० मिलिमीटर पाऊस झाला होता, म्हणून मी १६ जून रोजी पेरणी केली. पेरणीनंतर आठ दिवस पाऊस झाला नाही, तरीही जमिनीत उगवणीपुरती ओल होती. हे यावरून दिसते की, बांधाला लागून असलेल्या तशाच जमिनीत त्याच दिवशी पेरलेले, दुसऱ्या कंपनीचे सोयाबीन चांगले उगवले आहे. माझ्या शेतातील बियाणे मात्र उगवले नाही. त्यामुळे दोष बियाण्यात असावा असे मला वाटते. सबब शेताची पाहणी करून पंचनामा व्हावा, ही विनंती.’

सोयाबीनची पेरणी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर करावी, असा कृषी विभागाचाच सल्ला असतो. तेव्हा पहिल्या वाक्यातल्या ‘म्हणून’ने केवढे काम केले पाहा! मी घाई केली नाही, सल्ल्याप्रमाणेच वागलो, हे त्या एका शब्दात आले.

या अर्जात आणखी एक जागा नीट पाहण्यासारखी आहे. मराठीत दोन प्रश्न आहेत, ‘कशामुळे?’ आणि ‘कशावरून?’ पुष्कळांच्या लिहिण्यात यांची गल्लत होते. ‘ओल होती, कारण शेजारचे पीक उगवले’ असे कोणी सहज लिहून जाईल. पण शेजाऱ्याच्या पिकामुळे काही माझ्या शेतात ओल येत नाही! ओल आली पावसामुळे. ती होती हे कळले शेजारच्या पिकावरून. पहिले कारण, दुसरा पुरावा. तक्रारीच्या पत्रात दोन्ही लागतात, पण वेगवेगळे दिसले पाहिजेत. कारणावर वाद घालता येतो. पुरावा बांधावर जाऊन पाहता येतो.

‘सबब’ हा शब्द मी मुद्दाम ठेवला. मुळात अरबी, अर्थ ‘कारण’. बोलताना आपण ‘सबबी सांगू नकोस’ म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ बहाणा; अर्जात मात्र ‘या कारणाने’. वापरायला हरकत नाही, पण त्याच्या आधी खरोखर कारण आलेले असावे. ‘तरी’चेही तेच. ‘तरी रजा मंजूर करावी’ हे आपण शाळेपासून इतके घोटलेले असते की, वर काही सांगितले असो वा नसो, शेवटी ‘तरी’ येतोच. ‘सदरहू’, ‘उपरोक्त’ यांनी वजन येते असा समज आहे. पण वर तीन गोष्टी लिहिल्या असतील तर ‘उपरोक्त’ म्हणजे कोणती? त्यापेक्षा ‘ही पिशवी’ म्हणावे.

‘व’ आणि ‘किंवा’ यांच्याकडेही लक्ष असू द्या. पावती व पिशवीवरचे लेबल मागितले असेल, तर दोन्ही जोडावी लागतात.

गुरुजनांना एक सुचवतो. उभयान्वयी अव्ययांचे प्रकार मुलांना पाठ असतात. न्यूनत्वबोधक, परिणामबोधक अशी नावे ती धडाधडा म्हणतात. एकदा फळ्यावर आपला तो पहिला अर्ज लिहा आणि विचारा, लिहिणाऱ्याचे म्हणणे काय असेल? दहा मुले चार तऱ्हेचे अर्थ सांगतील. मग त्यांनाच जोडशब्द घालू द्या. या तासाला नावे पाठ नसली तरी चालेल.

अर्ज दोन प्रतींत करावा. एक द्यावी, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यावा. महिन्याभरात उत्तर आले नाही, तर नव्या पत्राची सुरुवात ‘माझ्या अमुक तारखेच्या, अमुक आवक क्रमांकाच्या अर्जास अनुसरून’ अशी करावी. म्हणजे दोन पत्रांचाही सांधा जुळतो, आणि पहिला कागद शोधावा लागतो तो कार्यालयाला.