एवढासा तर स्क्रू आहे!

बसमध्ये असाल, गोडाऊनच्या शिफ्टवर असाल, नाहीतर आमच्या अंजूरफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकला असाल, तर मग तुमच्याकडे वेळच वेळ आहे. हेडफोन लावा आणि ऐका.

मागच्या महिन्यात एका मित्राने व्हॉट्सअॅपवर दोन फोटो पाठवले. पहिल्या फोटोत एक जुनं पिस्तूल. वेब्ली अँड स्कॉट, .३२ बोअर. त्याच्या काकांच्या लायसन्सवरचं. मुठीवरची एक पट्टी तडकलेली आणि तिचा स्क्रू बाकीच्यांपेक्षा वेगळा, जरा जाडसर डोक्याचा. दुसऱ्या फोटोत कुठल्यातरी विक्रीच्या पानाचा स्क्रीनशॉट. त्याच कंपनीच्या दुसऱ्या मॉडेलची पट्टी आणि स्क्रू. खाली मेसेज : "दादा, हे मागवून बसवू का? ओरिजिनल दिसेल. एवढासा तर पार्ट आहे."

एवढासा तर पार्ट आहे. मंडळी, आज फक्त या एका वाक्यावर बोलायचंय.

आपण भिवंडीची माणसं. आपल्याला पार्ट बदलण्याचं काय कौतुक? एका मागाचा पार्ट काढायचा, दुसऱ्याला लावायचा. जॉबर येतो, पान्याने दोन मिनिटांत काम करतो आणि माग पुन्हा खडखडायला लागतो. तिथे कोणी विचारत नाही की हा पार्ट मूळचा कुठला. कारण मागाचं काम कापड काढणं. कापड निघालं, विषय संपला.

पण संग्रहातलं जुनं पिस्तूल काही काढत नाही. ते फक्त सांगतं. मी कधी बनलो, कुठे बनलो, कोणाच्या हातातून गेलो. आणि हे सांगतं कशातून? मोठ्या नळीतून कमी, बारीक भागांतून जास्त.

एक उदाहरण देतो. जर्मन लुगर पिस्तूल सिनेमात तुम्ही नक्की पाहिलंय, पातळ नळी आणि तिरकी मूठ असलेलं. १९०४ मध्ये ते जर्मन नौदलाने घेतलं, १९०८ मध्ये लष्कराने. नौदलाच्या मॉडेलची नळी १५० मिलिमीटर, लष्कराच्या नेहमीच्या मॉडेलची १०० आणि तोफखान्याच्या मॉडेलची तब्बल २००. दिसायला तिन्ही भाऊ-भाऊ. पण आतल्या बारीक भागांकडे बघा. चाप, खटका, बाजूची पट्टी, अशा कितीतरी भागांवर त्या पिस्तुलाच्या नंबरातले शेवटचे दोन आकडे कोरलेले असतात.

का बरं? तर कारखान्यात हे भाग हाताने घासून एकमेकांशी जुळवायचे. जुळले की नंबर मारायचे. मग सगळं सुटं करून पोलाद कठीण करायला आणि रंग चढवायला पाठवायचे. परत आलं की ढिगातून आपला भाग कसा ओळखणार? नंबर बघून. म्हणजे आज संग्राहक ज्या दोन आकड्यांसाठी भिंग घेऊन बसतात, ती मुळात कामगारांनी स्वतःच्या सोयीसाठी केलेली खूण आहे.

आता यात गंमत बघा. सुटा भाग एकातून काढून दुसऱ्यात बसावा, हे स्वप्न त्याच्याही शंभर वर्षं आधीचं. १७८५ मध्ये थॉमस जेफरसन पॅरिसमध्ये अमेरिकेचे राजदूत होते. तिथे ओनोरे ब्लाँ नावाच्या कारागिराने त्यांच्यासमोर बंदुकीच्या कळांचे सुटे भाग ठेवले. जेफरसन यांनी हाताला येईल तो भाग उचलून स्वतः कळा जोडल्या, आणि त्या जुळल्या! आज तुमच्या मोबाईलचा डिस्प्ले बदलून मिळतो ना, त्या कल्पनेची ही सुरुवातीची पावलं. पण नंतरच्या काळातसुद्धा लुगरसारखी पिस्तुलं हातानेच जुळवावी लागत होती. म्हणून भाग बसला याचा अर्थ तो तिथलाच, असं होत नाही.

मग नंबर जुळले नाहीत तर वस्तू खोटी का? नाही! इथेच लोक चुकतात. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत फौजांच्या हाती खूप लुगर लागली. ती नंतर खोलली, साफ केली, परत जोडली. जोडताना कुठला चाप कुठल्या पिस्तुलाचा, हे बघत बसलं नाही कोणी. त्या पिस्तुलांत आज मिसळलेले नंबर दिसतात. तो त्यांचा खरा इतिहास आहे. खोटेपणा सुरू होतो तो कोणी आज दुसऱ्या मॉडेलचा भाग आणून, जुना आकडा घासून, नवा ठोकून "सगळे नंबर जुळतात" म्हणून विकतो तेव्हा.

आपल्याच गावाकडे येऊ. अंजूरचे गंगाजी नाईक तुम्हाला माहीत आहेतच. पोर्तुगिजांविरुद्धच्या वसई मोहिमेत त्यांचा मोठा वाटा. १७३७ ला मोहीम सुरू झाली आणि मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला. त्या काळातली एक तलवार असते, तिचं नावच फिरंगी. पातं युरोपातून आलेलं, मूठ आपल्याकडची. म्हणजे काय, तर सुटे भाग एकत्र केलेलंच शस्त्र! पण तिला कोणी बनावट म्हणत नाही. कारण ती जोडणी ती वापरणाऱ्यांनी केली आणि नावातच सांगून टाकलं की पातं परकं आहे. लपवलं काहीच नाही. फरक आहे तो इथे.

आणि शस्त्र नेमकं कुठलं, हे किती महत्त्वाचं असतं, याची गोष्ट आपल्या ठाण्याशीच येऊन थांबते. २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद थिएटरमध्ये अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. ते पिस्तूल ब्राउनिंग होतं. लंडनहून एका पेटीच्या चोरकप्प्यातून वीस ब्राउनिंग आली होती, त्यांतलं एक. लंडन ते नाशिक हा धागा खटल्यात त्या पिस्तुलांवरूनच जोडला गेला. कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. पुढे २६ ऑगस्ट १९१४ ला कलकत्त्यात रोडा कंपनीची ५० माउझर पिस्तुलं क्रांतिकारकांनी पळवली. त्यांचे नंबर कंपनीकडे लिहिलेले होते, त्यामुळे नंतर कुठे माउझर सापडलं की ते रोडाचं का, हे कळायचं. म्हणजे पिस्तूल तेच आहे का, यावर माणसांचं आयुष्य लटकलेलं असायचं.

आता मित्राच्या मेसेजकडे. मी त्याला फोन केला आणि पहिला प्रश्न विचारला, "पट्टी राहू दे. काका कुठेत?"

तो म्हणाला, "काका जाऊन दोन वर्षं झाली ना."

"आणि पिस्तूल?"

"कपाटात."

मंडळी, मला घामच फुटला. लायसन्स काकांच्या नावावर होतं. काका गेले की घरच्यांचा त्या पिस्तुलावरचा ताबा कायदेशीर राहत नाही. शस्त्र कायदा १९५९, कलम २१ : ते विनाकारण उशीर न करता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा लायसन्स असलेल्या शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायचं. वारसाला स्वतःच्या नावाने लायसन्ससाठी अर्ज करता येतो, पण आधी जमा.

आणि त्या एवढ्याशा पार्टचं काय? याच कायद्यात शस्त्र या शब्दाच्या व्याख्येत शस्त्राचे भागही येतात. कलम ४५ मध्ये बारीक भागांना सूट आहे, पण ते पूरक भागांसोबत वापरायचा हेतू नसेल तरच. पिस्तुलाला बसवण्यासाठीच मागवला, तर ती सूट गेली. दुरुस्तीचा धंदा करायला लायसन्स लागतं. पिस्तुलावरचा नंबर किंवा खूण पुसणं, बदलणं हा कलम ८ खाली गुन्हा. नकली पिस्तुलाचं खरं करणं, तेही लायसन्सशिवाय बंद. म्हणजे मोबाईलवर "बाय नाऊ" दाबायला एक सेकंद लागतो, आणि पुढे कोर्टाच्या फेऱ्या किती, ते मोजायला नको.

त्याने ऐकलं. काकूंना घेऊन गेला, कागद केले, पिस्तूल जमा केलं. देण्याआधी काकूंनी ते एकदा बघितलं आणि त्या जाड डोक्याच्या स्क्रूवर बोट ठेवून म्हणाल्या, "हा मागाचा आहे रे. तुझ्या आजोबांनी लावलेला. मूळचा हरवला, तर ते म्हणाले, आपल्या मागाचाच बसतोय."

आजोबांनी केलं तेव्हाही ते नियमात नव्हतं, आणि तुम्ही तर अजिबात करू नका. पण विचार करा. आपण ज्याला खराब, वेगळा, काढून टाकण्यासारखा म्हणत होतो, तोच एक स्क्रू सांगत होता की हे पिस्तूल भिवंडीतल्या एका माग चालवणाऱ्या घरातलं आहे. ऑनलाइन आलेला ओरिजिनल स्क्रू हे कधीच सांगू शकला नसता.

मित्र म्हणाला, "दादा, मी तो फेकूनच देणार होतो."

तर मंडळी, घरात आजोबांचं काहीही जुनं असेल, घड्याळ, रेडिओ, कॅमेरा, तर पार्ट बदलण्याआधी फोन काढा. सगळ्या बाजूंनी फोटो घ्या, नंबरांचे जवळून घ्या. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा आणि त्यांचं बोलणं रेकॉर्ड करा. बदलावाच लागला तर जुना पार्ट पिशवीत घालून, चिठ्ठी लिहून ठेवा : काय काढलं, काय लावलं, कधी. विकताना ती चिठ्ठी पुढे द्या. आणि ते खरं शस्त्र असेल, तर हात न लावता आधी लायसन्स कोणाच्या नावावर आहे ते बघा.

आज रात्री घरी गेल्यावर एकच करा. आजीला विचारा, "आजी, हे कोणाचं गं?" आणि मग गप्प बसून ऐका.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!